मोकळं सोडू नका, अट घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत आपल्यातला कलाकार कसा जागा करायचा यावर एक लेख आला होता, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय, आज लिहायला बसलेय. आधीच सांगते, सुरुवात तक्रारीची आहे पण शेवटी एक मागणी आहे, त्यामुळे मधेच सोडून देऊ नका. लेख तसा वाईट नव्हता. फोटोही छान होता, पेन्सिली रंगाप्रमाणे ओळीने लावलेल्या आणि एकीचंही टोक झिजलेलं नाही. पण आत काय, तर मन मोकळं करा, भीती सोडा, चुकांना घाबरू नका, मनात येईल ते कागदावर उतरवा. आता मला सांगा, ज्या माणसाने शाळा सुटल्यापासून सहीशिवाय हाताने काहीही काढलेलं नाही त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून 'मनात येईल ते काढ' म्हटलं तर त्याच्या मनात काय येणार? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि वर टिकमार्क पसरट केल्यासारखे तीन पक्षी. लिहायला सांगितलं तर 'आज मला खूप छान वाटत आहे' एवढं लिहून पेनाचं टोपण तोंडात. यात त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नाही. मोकळं मैदान दिलं की नवशिका माणूस कुठेच जात नाही, तिथेच उभा राहतो.

माझंच सांगते. ऑफिसात आयुष्यभर आकडे तपासले, चित्राशी संबंध एवढाच की चुकलेल्या आकड्याभोवती गोल काढायचा. बऱ्याच लोकांचं असं असतं ना की शाळेत कुणीतरी चित्राला हसलं आणि तेव्हापासून सुटलं, माझं तसंही काही नाही, मला कुणी हसलं नाही की रागावलं नाही, दुधाचे दात पडतात तसं ते आपोआप पडून गेलं आणि मला पत्ताही लागला नाही. मग चोपन्नाव्या वर्षी उमाळा आला आणि एक जाड कागदाची, कापडी बांधणीची स्केचबुक घेतली. ती आठ महिने कोरी होती. इतका चांगला कागद, पहिल्या पानावर काहीतरी चांगलंच यायला हवं ना! म्हणून मी दुसऱ्या पानापासून सुरू करायचं ठरवलं, आणि मग दुसरं पानही पहिल्यासारखंच वाटायला लागलं.

शेवटी भाची राहायला आली होती तिने सोडवलं. म्हणाली, मावशी, एक कुठलातरी फालतू कागद घे, बॉलपेन घे, माझ्या तोंडाकडे बघ आणि कागदाकडे अजिबात न बघता मला काढ, पेन उचलायचं नाही, पाच मिनिटं. मी म्हटलं हे काय भलतंच, पण केलं. काय निघालं ते सांगायची सोय नाही, नाक चेहऱ्याच्या बाहेर, एक डोळा हनुवटीवर, केस भलतीकडेच, आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण मग हसू थांबल्यावर तिने बोट ठेवून दाखवलं, हा कान बघ. आणि खरंच, तो कान तिचाच होता. तिच्या कानाची पाळी सुटी नाहीये, गालाला चिकटलेली आहे, आणि तिला जन्मल्यापासून बघत असूनही हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

नंतर कळलं की हा काही भाचीचा शोध नाही, चित्रकलेच्या वर्गात हा जुना व्यायाम आहे. किमॉन निकोलायडीस म्हणून न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे एक शिक्षक होते, त्यांच्या पुस्तकामुळे तो खूप पसरला, ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली आलं. त्यांचं म्हणणं असं की पेन्सिलीचं टोक कागदावर नाहीये, समोरच्या वस्तूलाच टेकलंय असं समजायचं आणि तसं खरोखर वाटेपर्यंत हात हलवायचाच नाही. मी सांगताना मुंगी म्हणते. वस्तूच्या कडेवरून एक मुंगी चाललीये, तिच्या मागे डोळे, आणि डोळ्यांच्या मागे पेन, तिघांचा वेग एकच. मुंगी घाईत नसते. आपला स्वतःचा डावा हात काढायला घेतला (डावखुरे असाल तर उजवा) तर एका बोटाच्या पेराला मिनिटभर लागायला पाहिजे, त्याच्या आत झालं तर तुम्ही हात बघत नाहीये, आठवणीतला हात काढताय.

हे जे आठवणीतलं काढणं आहे ना, सगळी गोम तिथे आहे असं मला वाटतं. डोळा काढ म्हटलं की आपण डोळा काढत नाही, डोळ्याची खूण काढतो, होडीसारखा आकार आणि मधे गोळा. नाक म्हणजे उलटा सात. झाड म्हणजे खांबावर ढग. या खुणा आपण सात-आठ वर्षांचे असताना पक्क्या केलेल्या असतात आणि पुढे चाळीस वर्षं त्याच चालवतो, अक्षरासारख्या. चित्र येत नाही म्हणणाऱ्या माणसाचा हात वाईट नसतो हो, त्याच्याच हाताने तो छान वळणदार अक्षर काढत असतो! तो बघायच्या आधी ओळखतो, ही अडचण आहे. आणि कागदाकडे बघू नको ही अट घातली की ती खूण काढताच येत नाही, कारण ती काढायला कागदावर नजर लागते. अट तुमची वाट अडवते आणि म्हणून तुम्ही दुसरीकडून जाता. भीती सोडा सांगून भीती जात नाही, पण कागदाकडे न बघता काढलेलं चित्र वाईटच येणार हे आधीपासून माहीत असलं की भीती कशाची धरायची तेच उरत नाही.

तसाच दुसरा, उलट्या चित्राचा. कुणाचंतरी रेघांनी काढलेलं चित्र उलटं ठेवायचं, डोकं खाली पाय वर, आणि उलटंच उतरवायचं, शेवटपर्यंत सुलटं करून बघायचं नाही. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन बाईंनी १९७९ साली हे घरोघरी पोहोचवलं, त्यांनी पिकासोने काढलेलं संगीतकार स्त्राविन्स्कीचं चित्र उलटं करून दिलं होतं. मी केलं तेव्हा खुर्चीवरचा माणूस आहे हे विसरायलाच झालं, फक्त ही रेघ त्या रेघेपासून किती लांब, इथे कोन किती, एवढंच, आणि सुलटं केल्यावर मी चक्क घरातल्यांना हाका मारल्या. आता त्या बाईंनी याचं कारण उजवा मेंदू-डावा मेंदू असं दिलं होतं. रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञांनी मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा भाग कापलेल्या पेशंटवर काम केलं, त्यांना १९८१ ला नोबेलही मिळालं, पण त्यातून 'उजवा मेंदू कलाकार आणि डावा मेंदू कारकून' असे जे फॉरवर्ड फिरतात ते फार भाबडं आहे, मेंदू काही असा दोन खोल्यांत राहत नाही. कारण चुकलं तरी व्यायाम चुकत नाही एवढंच मला म्हणायचंय. उलटा माणूस ओळखू येत नाही म्हणून बघावा लागतो, याला दोन मेंदू कशाला हवेत.

खुर्चीवरून आठवलं, खुर्ची काढायची असेल तर खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागा काढा, त्या चौकोनांना नावच नसतं त्यामुळे त्या बरोबर येतात, आणि शेवटी मधे खुर्ची शिल्लक राहते.

आता लिहिण्याचं. मला आधी वाटायचं चित्र वेगळं आणि लिहिणं वेगळं, पण नवशिक्याची अडचण दोन्हीकडे अगदी एकच आहे. लिहितानाही आपण बघायच्या आधी ओळखतो. 'निसर्गरम्य', 'नयनरम्य', 'भावपूर्ण', 'मन प्रसन्न झाले', हे सगळे खांबावरचे ढगच. आणि इथेही मोकळेपणा देऊन काही होत नाही. पीटर एल्बो या प्राध्यापकांनी १९७३ साली जो व्यायाम लोकांपुढे ठेवला तो ऐकायला मोकळा वाटतो पण त्यात एक कडक अट आहे, दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, काही सुचत नसेल तर 'सुचत नाही सुचत नाही' असंच लिहीत राहायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सहा ओळी सुचत नाही लिहिलं, मग लिहिलं की हे किती मूर्खपणाचं आहे, मग लिहिलं की हे पेन त्या बंद झालेल्या बँकेच्या खात्याबरोबर फुकट मिळालं होतं, आणि मग अचानक माझ्या पहिल्या पगाराच्या दिवसाबद्दल दीड पान. ते पान चांगलं होतं का? नाही. पण त्यात एक वाक्य असं होतं जे मी ठरवून बसले असते तर दहा वर्षांत लिहिलं नसतं. दहा मिनिटांतून एक वाक्य, हा दर मला मान्य आहे.

मात्र मला सगळ्यात जास्त ज्याने मजा आली ते सांगते, कारण ते आपल्याला आपल्याच भाषेत करता येतं. फ्रान्समध्ये १९६० साली काही लेखक आणि गणितवाले एकत्र आले आणि त्यांनी ऊलिपो नावाचा गट काढला, यांचं कामच स्वतःला अटी घालून लिहायचं. त्यांच्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये एक अख्खी कादंबरी अशी लिहिली की तिच्यात e हे रोमन अक्षर एकदाही नाही, आणि फ्रेंचमध्ये ते सगळ्यात जास्त लागणारं अक्षर आहे. हे वाचल्यावर मला वाटलं, मराठीत काय करता येईल? तर काना काढून टाका! पहिलीच्या पुस्तकात बिनकान्याचे धडे असतातच की, तेच आता मोठ्या माणसाने करायचं. बसा आणि एकही काना न वापरता तीन वाक्यं लिहा. आधी वाटतं अशक्य आहे, कारण मराठीत आमचा तुमचा त्याचा झाला गेला सगळीकडे काना. रात्री नळ गळत होता त्याबद्दल मी लिहायला बसले. 'रात्री' गेलं, 'होता' गेलं, 'पाणी' तर गेलंच. अर्ध्या तासाने हे झालं:

घर गप्प. फक्त नळ टपटप. मी उठले, नळ पिळून परत निजले.

आधी मी 'झोपले' लिहिलं होतं, मग लक्षात आलं ओकारात काना लपलेला असतो, म्हणून ते बाद, आणि मग शोधता शोधता 'निजले' मिळालं. हा शब्द मी कित्येक वर्षांत वापरलेला नव्हता. आमची आजी म्हणायची, निजली का गं. अट नसती तर मी 'रात्रीच्या नीरव शांततेत' असं काहीतरी लिहिलं असतं, मला स्वतःची खात्री आहे. कान्याचं फार अवघड वाटलं तर त्याची धाकटी बहीण आहे, एक पानभर लिहायचं पण 'आहे', 'होता', 'होती', 'होतं' यातलं काहीही वापरायचं नाही. खोलीत टेबल आहे असं म्हणताच येत नाही, मग टेबलाला काहीतरी करावं लागतं, टेबल खोली अडवून बसतं, टेबलाने भिंतीला पाठ टेकलेली असते, आणि वाक्य आपोआप उठून चालायला लागतं.

लिहिणं आणि चित्र एकाच पानावर आणणारा एक व्यायाम मी गेले वर्षभर करतेय, तो लिंडा बॅरी या अमेरिकन चित्रकर्तीचा, त्या विद्यापीठात शिकवतात आणि २०१४ साली त्यांच्या वर्गाच्या वह्यांचं पुस्तक आलं. पानाचे भाग पाडायचे. एकीकडे आज केलेल्या सात गोष्टी, दुसरीकडे आज पाहिलेल्या सात गोष्टी, खाली कानावर पडलेलं एक वाक्य आणि एक पटकन काढलेलं चित्र. बस. भावना लिहायच्या नाहीत, विचार लिहायचे नाहीत. पहिले काही दिवस केलेल्या गोष्टी भरभर भरतात, उठले, आवरलं, ऑफिसला गेले, आणि पाहिलेल्या गोष्टींशी गाडी अडते. दिवसभर डोळे उघडे होते पण सात गोष्टी नाहीत! मग हळूहळू दिवसाच रांग लागायला लागते की ही रात्रीच्या वहीत जाईल, ही जाईल. माझ्या वहीतलं एक देते, लिफ्टमधल्या माणसाने आरशात बघून शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मी आत आल्यावर परत काढलं. आणि कानावर पडलेलं, फोनवर एक बाई, 'मी रागावले नाहीये, मी फक्त बोलत नाहीये.' हे मला सुचलं असतं का? सुचण्याचा इथे प्रश्नच नाही, नुसतं उचलायचं. प्रतिभा प्रतिभा म्हणून जे आपण इतकं वर नेऊन ठेवलंय त्यातला निम्मा भाग हा उचलेगिरीचा आहे असं माझं आता मत झालंय, चूक असेल तर असो.

सगळंच जमतं असं नाही हेही सांगायला पाहिजे, नाहीतर माझं पत्र पण तुमच्या त्या लेखासारखंच होईल. सकाळी उठल्या उठल्या, कुणाशी बोलायच्या आधी, काही वाचायच्या आधी लिहायचं हे डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ सालीच सांगून ठेवलंय, आणि १९९२ मध्ये ज्युलिया कॅमेरॉन यांनी त्याची रोज हाताने तीन पानं अशी पद्धत केली, लाखो लोक ते करतात. माझं त्यातून काय निघालं तर तीन पानं कुरकुर. कोण काय बोललं, गुडघा दुखतोय, धाकट्या जावेने असं का केलं. तीन आठवड्यांनी मी ते बंद केलं कारण दिवस सुरू व्हायच्या आधीच मला राग यायला लागला होता. दुसऱ्या कुणाला लागू पडत असेल, पडतं असं म्हणतात. तसंच मनातलं दुःख लिहून काढण्याचं, जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ पासून त्यावर काम केलंय, सलग तीन-चार दिवस पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यात काही लोकांना पुढे बरं वाटल्याचं दिसलं, पण लिहून झाल्या झाल्या बहुतेकांना आधीपेक्षा वाईटच वाटतं हेही त्याच कामात आहे. म्हणून नवशिक्याला पहिल्याच दिवशी 'मनाच्या जखमा कागदावर उतरवा' सांगणाऱ्यांचा मला राग येतो. जखम कशाला, आधी चप्पल काढा की. एक चप्पल, उलटी पडलेली, कागदाकडे न बघता.

घरात कुणाला नादी लावायचं असेल तर दोन प्रकार आहेत. एक, पानावर तीस गोल काढायचे, सारख्या आकाराचे, आणि तीन मिनिटांत जितक्यांचं काहीतरी करता येईल तितकं करायचं. पहिले आठ-दहा सगळ्यांचे सारखेच निघतात, सूर्य, घड्याळ, चेंडू, हसरा चेहरा, चाक, ते संपल्यावर खरी गंमत सुरू होते म्हणून तिथे थांबायचं नाही. माझ्या मुलाने, इंजिनियर आहे तो, दोन गोल जोडून सायकल केली आणि आमच्याकडे बघून विचारलं, चालतं का असं? कुणी नाही म्हटलं होतं! आपणच आपल्याला अशा किती न घातलेल्या अटी पाळत असतो बघा, आणि त्या आपल्याला दिसत पण नाहीत, घातलेली अट निदान दिसते तरी. दुसरा प्रकार घडी घातलेल्या कागदाचा, पॅरिसमध्ये १९२५ च्या सुमाराला तिथल्या अतिवास्तववादी कवी-चित्रकारांनी तो खेळ म्हणून सुरू केला. एकाने डोकं काढायचं, घडी घालून झाकायचं, फक्त मानेच्या दोन रेघा खाली दिसू द्यायच्या, दुसऱ्याने न बघता धड, तिसऱ्याने पाय. आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, चष्मा लावून मोठ्या गंभीरपणे पाय काढले, बूट, नाड्या, नाड्यांची गाठ पण, आणि उघडल्यावर वर होतं मुलाने काढलेलं पोपटाचं डोकं. चित्र कुणाचंच नाही त्यामुळे वाईट कुणाचं आलं हा प्रश्नच येत नाही, अण्णा त्यानंतर दोनदा विचारून गेले, आज ते घडीचं नाही का.

आणि खोडलेल्याबद्दल एक. रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितात कवितेच्या ओळी खोडायचे, आणि ते खोडलेले काळे पट्टे एकमेकांना रेघांनी जोडून त्यांचे विचित्र पक्षी, प्राणी, चेहरे करायचे. १९२४ च्या सुमाराच्या हस्तलिखितांत हे खूप दिसतं, म्हणजे साठी उलटून गेलेली. त्यातून चित्रांकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. आता ते टागोर होते हे मला मान्य आहे, आपण नाही. पण सुरुवात कुठून झाली बघा, कोऱ्या कागदापासून नाही झाली, आधीच खराब झालेल्या कागदापासून झाली. लिओनार्दोही शिकाऊ चित्रकारांना डागाळलेल्या भिंतीकडे बघत बसायला सांगायचा, त्यात डोंगर दिसतात, लढाया दिसतात, चेहरे दिसतात. अलेक्झांडर कोझेन्स या इंग्रज चित्रकाराने तर १७८५ च्या सुमाराला शाईचे डाग पाडून त्यातून निसर्गचित्र काढण्याची पद्धतच छापली होती. कोरा कागद हा उस्तादांसाठी असतो. नवशिक्याला डाग द्या, चुरगळलेला कागद द्या, कुणाचीतरी खोडलेली ओळ द्या.

इथेच माझी मागणी येते, संपादक महाशय. तुमच्या पेपरात शब्दकोडं असतं, सुडोकू असतं, भविष्य असतं. तिथेच कोपऱ्यात आठवड्यातून एकदा हाताच्या तळव्याएवढी एक चौकट द्या. वर दोन ओळींची अट आणि वेळ, 'तुमच्या शेजारी बसलेल्याचा कान, कागदाकडे न बघता, तीन मिनिटं', किंवा 'कालचा पाऊस, आहे आणि होता न वापरता, चार वाक्यं', आणि खाली चौकट रिकामी. पेपरातच का, तर पेपर खराब व्हायची भीती कुणालाच नसते. माझी ती कापडी बांधणीची वही अजूनही अर्धीच आहे आणि तुमच्या पेपराच्या समासात मात्र मी गेल्या वर्षभरात काय काय काढलंय, पुढाऱ्यांच्या फोटोंना हात लावत नाही असं नाही म्हणणार. उद्या रद्दीत जाणाऱ्या कागदावर माणूस शूर असतो. बॉलपेन त्यावर बरं चालतं, शाईचं पेन फुटतं, पण फुटलं तर फुटलं, वर डागांचं सांगितलंच आहे.

फक्त कृपा करून त्याची स्पर्धा करू नका. उत्कृष्ट पाच चित्रांना प्रसिद्धी, फोटो काढून पाठवा, असलं काही नको. एकदा का पाठवायचं ठरलं की लोक परत डोंगर आणि सूर्य काढणार, किंवा आईवडील मुलांच्या हातात हात धरून काढणार. मी स्वतः पहिला महिना कुणाला काहीही दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, स्टेटसला तर नाहीच, आणि त्याचा फार उपयोग झाला, कारण 'छान आहे' म्हटलेलं पण त्रास देतं, उद्याचं तेवढं छान येईल का म्हणून. लहान मुलांच्या बाबतीत तर दुप्पट. हत्ती हिरवा का काढलास असं विचारायचं नाही, काय आहे हे असंही विचारायचं नाही, फार तर म्हणा, याच्याबद्दल सांग.

वेळ नाही ही सबब चालणार नाही, तीन मिनिटं फोनवर पलीकडचा माणूस होल्डवर ठेवतो तेव्हाही मिळतात. आणि फोनवर बोलताना हात गिरगटत असतो म्हणून लाज वाटत असेल तर एक सांगते, जॅकी आंद्राद या संशोधक बाईंनी २००९ मध्ये चाळीस लोकांना एक कंटाळवाणा टेलिफोन मेसेज ऐकवला, निम्म्यांना ऐकताना कागदावरचे आकार रंगवायला दिले, तर रंगवणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त आठवलं. एक छोटासा प्रयोग आहे, त्यावरून फार उड्या मारायला नकोत, पण मीटिंगमध्ये साहेबांनी बघितलं तर सांगायला बरा आहे.

चौकटीसाठी अटी पुरणार नाहीत असं वाटत असेल तर माझ्याकडे वर्षभराच्या बावन्न लिहून तयार आहेत, मानधन नको, नावही छापू नका.

कळावे,
आपली एक नियमित वाचक

ता. क. पत्र फार लांबलंय, हवं तिथे कापा, फक्त ती नळाची तीन वाक्यं कापू नका, फार मेहनत पडली आहे. आणि चौकट छापलीच तर आत फिकट अक्षरात 'येथे चित्र काढा' असं छापू नका.